खिंडीला निघण्यापूर्वी

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरून तू इमारतीचे सात मजले चढत-उतरत होतीस. सराव उत्तम आहे, रविवारचे येऊरही सोडू नकोस. पण हिमाचलातल्या हंप्ता खिंडीत माणूस अडतो तो बहुधा पायांमुळे नव्हे, आणि हे समोर बसून सांगितले असते तर तू हसण्यावारी नेले असतेस, म्हणून लिहितो आहे.

आपला कळसूबाई १,६४६ मीटर, हंप्ता सुमारे ४,२७०. तिथे हवेचा दाब ठाण्यातल्या दाबाच्या जेमतेम साठ टक्के असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच मापाने कमी मिळतो, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस जावे लागतात; जिने चढून ती आधी कमावून नेता येत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी बालू का घेरा या मुक्कामी माझे डोके दुपारपासून ठणकत होते आणि मी ते लपवले, कारण गटातल्या दोघांशी माझी चुरस लागली होती. रात्री ताटातली खिचडी तशीच राहिलेली पाहून वाटाड्याने मला बुटाची नाडी बांधायला सांगितली. दोनदा चुकली. सकाळी बाकीचे वर गेले आणि मी खेचरवाल्याबरोबर चिकाला उतरलो. उतरल्यावर कडकडून भूक लागली. तुझ्या आईला आजवर मी ‘हवामान बिघडले होते’ असेच सांगत आलो आहे.

तेव्हा डोके दुखले, मळमळले, की लगेच वाटाड्याला सांग आणि बरे वाटेपर्यंत वरच्या मुक्कामाला जाऊ नकोस. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरायचे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घे. ती घेतली म्हणून ही लक्षणे अंगावर काढायची नाहीत.

खिंडीपलीकडचे लाहौलचे खोरे मी अर्थातच पाहिलेले नाही. पावसाळी ढग पीर पंजालच्या डोंगररांगेच्या अलीकडेच बरेचसे रिते होतात, त्यामुळे इकडे भोजपत्राची झाडे आणि तिकडे उघडा खडक, असे म्हणतात; माळशेजला चिंब भिजून आळेफाट्याकडे कोरडे व्हावे, त्याच्या कितीतरी पट. ते तू मला सांग.

ओढे सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढते. त्यासाठी जुने कॅनव्हासचे बूट तुझ्या सॅकवर ठेवले आहेत. नाड्या नव्या घातल्या आहेत.

तुझा,
बाबा