तोरणमाळचा घाट आणि स्कूटरचे रोलर

महोदय,

तोरणमाळच्या घाटात स्कूटर ओढेना, की गॅरेजवाले थेट क्लच-शू (इंजिनाची ताकद मागच्या चाकाला जोडणारे घर्षणाचे तुकडे) बदलतात. आधी व्हेरिएटर (वेगानुसार आपोआप गिअर बदलणारी बेल्टची पुढची पुली) उघडायला हवा. दर 300 मीटर उंचीला हवा विरळ होऊन इंजिनाची सुमारे 3 टक्के ताकद जाते. त्यात व्हेरिएटरमधले रोलर, म्हणजे बेल्ट वर ढकलणारी छोटी गोल वजने, जड असले तर बेल्ट लवकर वर सरकतो, म्हणजे वरचा गिअर लवकर पडतो, आणि इंजिन दबते. रोलर एका बाजूने सपाट झिजले असतील तर आधी मूळ वजनाचेच नवे टाकावेत. तरी ओढ कमी वाटली तर एकेक ग्रॅमने हलके करावेत, सगळे एकदम आणि सारख्या वजनाचे. फार हलके केले तर इंजिन नुसते ओरडते, सपाटीला वेग मिळत नाही. बहुतेक स्कूटरचे रोलर कोरडेच चालतात. ग्रीस लावले तर ते बेल्टवर उडते, बेल्ट घसरून चढावर जळका वास येतो.

— एक वाचक, शहादा