बाबांना काम दिलंत, ताई

ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही मला आभार मानूच दिले नाहीत. "अगं, त्यात काय एवढं" म्हणालात आणि विषय भाजीच्या भावावर नेलात. म्हणून, बाबांना आणि आम्हा नवख्यांना जंगलात चालायला, मुक्कामाला नेलंत त्याबद्दलचं हे उघड पत्र. पत्रात तुम्हाला मधेच बोलता येत नाही. आणि हे वाचून सिडनीतली आणखी चार नवखी कुटुंबं तुमच्या मागे लागली, तर तो त्रास मी जाणूनबुजून दिला आहे असं समजा.

आधी बाबांचं सांगते. सातारा डेपोत कंडक्टर म्हणून उभी हयात गेली. दिवसभरात शे-दोनशे माणसांशी बोलायचं, कोण कुठे चढलं, कोण कुठे उतरणार हे डोक्यात ठेवायचं. आई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं आणि सहाव्या मजल्यावर ठेवलं. सकाळी आम्ही दोघं कामावर, नात शाळेत, बाबा गॅलरीत. खालच्या स्टॉपवरच्या बसचं वेळापत्रक त्यांचं पाठ झालं होतं. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली, ते संध्याकाळी जेवताना सांगायचे. कधी कशाची तक्रार नाही. मला तेच जास्त टोचायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही आलात आणि बायकांत बसायचं सोडून बाबांशी एसटीच्या गप्पा मारत बसलात. निघताना म्हणालात, "मास्तर, मे महिन्यात जंगलात मुक्कामाला यायचंय." विचारलं नाहीत, सांगितलंत. कंडक्टरला मास्तर म्हणणारं माणूस त्यांना इथे पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच उरला नाही. आमच्या ह्यांनी मात्र गाडीत बसल्या बसल्या गुडघे, साप आणि विम्याची यादी सुरू केली.

वाट निवडण्यातच तुमचं अर्धं शहाणपण होतं, हे मला नंतर कळलं. आपली माणसं इथे आली की पहिल्या सुट्टीला गाडी काढून ब्लू माउंटन्सला जातात, थ्री सिस्टर्स सुळक्यांपुढे फोटो काढतात आणि परततात. तुम्ही आम्हाला लोकलने नेलंत. टी४ लाइनचं शेवटचं स्टेशन वॉटरफॉल. तिथे उतरून रुळांच्या पश्चिमेला गेलं की हीथकोट नॅशनल पार्क. रूळ आणि हायवेच्या पलीकडे पूर्वेला प्रसिद्ध रॉयल नॅशनल पार्क, १८७९ सालचं. गर्दी सगळी तिकडे जाते. इकडे हीथकोट क्रीक (क्रीक म्हणजे ओढा) उत्तरेकडे वाहत जाते, तिच्या काठाकाठाने बुलावॅरिंग ट्रॅक जातो आणि शेवटी चढून आलं की हीथकोट स्टेशन. सगळी मिळून दहा-बारा किलोमीटरची चाल, दोन दिवसांत वाटलेली. दोन्ही टोकांना रेल्वे असल्यामुळे गाडी कुठे लावायची, परत आणायला कोण जाणार, ही कटकट नाही. पहिला थांबा किंगफिशर पूल (इथे 'पूल' म्हणजे डोह) स्टेशनपासून इतका जवळ, की कोणाचं अवसान तिथेच गळालं तर सरळ परत फिरता येतं. मुक्काम पुढे मिरांग पूलला. तिथून दुसऱ्या दिवशीची चाल थोडकी. नवख्याला सोपी वाट द्यायची म्हणजे कंटाळवाणी द्यायची, असं काही नसतं. त्याला माघारीची सोय असलेली वाट द्यायची.

मुक्कामाची जागा नॅशनल पार्कवाल्यांकडे आधी बुक करावी लागते, हे मला नवीन होतं. सह्याद्रीत आम्ही सॅक उचलायचो आणि निघायचो. गडावर देऊळ असतं, पायथ्याला कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते, वाट चुकलो तर गुराखी भेटतो. इथे त्यातलं काहीच नाही. गाव नाही, चहाची टपरी नाही, खाली दरीत मोबाइलला रेंजही धड नाही. जे खायचं, पांघरायचं, ते पाठीवर. हे तुम्ही आम्हाला भाषण देऊन सांगितलं नाहीत. आदल्या रविवारी घरी बोलावलंत आणि सगळ्यांच्या सॅक तुमच्या हॉलमध्ये उलट्या केल्यात.

काय काय निघालं त्यातून! लोखंडी तवा, जीन्स, दोन-दोन टॉवेल, आमच्या ह्यांची घडीची खुर्ची. "स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर ओझं न्यायचं नाही" म्हणत तुम्ही वजनकाटाच पुढे आणलात. तवा गेला, खुर्ची गेली. जीन्स भिजली की वाळत नाही म्हणून तीही गेली. लोकरीची टोपी, पावसाळी जॅकेट, प्रत्येकाला वेगळा हेड टॉर्च आणि गळ्यात शिट्टी, हे मात्र आलं. थालीपिठाचा बेत मोडून तुम्ही मेतकूट-भात, उपम्याचं भाजून ठेवलेलं मिश्रण आणि डिंकाचे लाडू यावर आणलात. बाबांचा अडकित्ता हातात घेतलात, जरा वेळ बघितलात आणि परत त्यांच्याच सॅकमध्ये ठेवलात. त्याबद्दल वेगळे आभार.

ठरलेल्या पहिल्या तारखेला तुम्ही बेत पुढे ढकललात. आभाळ कोरडं होतं, मुलं हिरमुसली. पण हवामान खात्याने पुढच्या चोवीस तासांत जोराचा पाऊस सांगितला होता, आणि दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या घळीतली क्रीक बघता बघता फुगते. "क्रीक पुढच्या आठवड्यातही तिथेच असणार आहे" एवढंच बोललात. पुढच्या आठवड्यात निघण्याआधी वाटेचा तपशील आणि परतायची वेळ शेजारच्यांकडे लिहून दिलीत. पीएलबीही आणलात. हातात मावेल एवढं ते यंत्र, बटण दाबलं की उपग्रहामार्फत आपली जागा बचाव पथकाला कळते, आणि इथे ते उसनं फुकट मिळतं, हे किती जणांना माहीत असेल?

वॉटरफॉलच्या फलाटावर तुम्ही सगळ्यांना उभं केलंत आणि म्हणालात, "मी पुढे. मास्तर, तुम्ही शेवटी. तुमच्या मागे कोणी राहायचं नाही." चालणाऱ्यांच्या प्रत्येक चमूत असा शेवटचा माणूस ठरलेला असतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मला त्या क्षणी फक्त बाबांची पाठ दिसली. ताठ झाली होती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, बोटांनी मोजलं आणि "अकरा. जाऊ द्या" म्हणाले. मग दोन्ही दिवस प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक थांब्यावर मोजणी झाली. पोरांनी तर दुसऱ्याच तासाला एसटीची बेल सुरू केली: बाबा 'टिंग' म्हणाले की थांबायचं, 'टिंग टिंग' म्हणाले की निघायचं. शिट्टीला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. लागोपाठ तीन शिट्ट्या म्हणजे जीव धोक्यात आहे, ती खूण खेळात वापरायची नाही.

ताई, एक गोष्ट मी मुद्दाम नमूद करते. चालण्याचा वेग तुम्ही ठरवला नाहीत, तो मागून ठरत होता. मी इथे-तिथे इतर चमूंबरोबर छोट्या फेऱ्यांना गेले आहे. पुढारी ताडताड पुढे जातो, एका दगडावर बसून मागच्यांची वाट बघतो, आणि मागचे धापा टाकत पोचले की ताजातवाना होऊन उठतो. विश्रांतीची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्यालाच ती मिळत नाही. तुमच्या चालीत बाबा पोचल्यावर पाच मिनिटं मोजायला सुरुवात व्हायची.

वाळूच्या दगडाचे ते सपाट कातळ, मधे मधे डोह आणि पानांच्या अर्कामुळे तांबूस झालेलं पाणी. मी ते घाण समजले होते. रंगाने काही होत नाही, पण वरच्या अंगाला वस्ती आणि हायवे आहे म्हणून उकळल्याशिवाय प्यायचं नाही, हे तुम्ही सांगितलंत. क्रीक ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडायला लावलात: पाय घसरून पडलोच, तर सॅकसकट पाण्याखाली अडकायला नको. आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून उडी मारायची नाही, आधी वर पाय ठेवायचा, पलीकडे बघायचं, मग उतरायचं. साप असला तर तिथेच ऊन खात पडलेला असतो. निलगिरीच्या एका जातीच्या खोडावर नागमोडी रेघोट्या होत्या. पतंगाच्या अळ्या सालीखाली पोखरत जातात, साल गळली की ती नक्षी उघडी पडते. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "मोडी वाटतंय. आमच्या वाड्याच्या कागदांवर असंच होतं, कुणाला वाचता यायचं नाही."

वाटेत कापडी पट्टी गुंडाळायचा धडा दिलात, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे साप चावला की वर करकचून दोरी बांधायची, चिरा द्यायचा, हेच ऐकत आपण वाढलो. इथली पद्धत डॉ. स्ट्रुअन सदरलंड यांनी १९७० च्या दशकात बसवली. रुंद पट्टी, आख्ख्या अवयवाला घट्ट गुंडाळायची, वर काठीचा आधार द्यायचा, माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही, आणि दंशाची जागा धुवायची नाही, कारण विष कुठल्या जातीचं हे तिथूनच कळू शकतं. मग ०००, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर. आमच्या ह्यांच्या पायावर बाबांनी तो सराव इतक्या मन लावून केला, की पट्टी सोडायला दोघं लागले. फनेल-वेब या विषारी कोळ्याबद्दलची ह्यांची भीतीही तुम्ही एका वाक्यात घालवलीत: १९८१ मध्ये उतारा आला, त्यानंतर त्याच्या दंशाने कोणी दगावलेलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनलाच तंबू उभे करायला लावलेत तेव्हा घाई वाटली. सव्वापाचला घळीत मिट्ट काळोख झाला तेव्हा वाटली नाही. शेकोटी नाही, कारण या पार्कमध्ये लाकडं पेटवायला बंदी आहे. रॉयलचा जवळजवळ सगळा भाग १९९४ च्या जानेवारीत जळून गेला होता, ते तुम्ही सांगितल्यावर कोणी पुन्हा शेकोटीचं नाव काढलं नाही. गॅसच्या छोट्या शेगडीवर मेतकूट-भात, त्यावर तुम्ही बाटलीत आणलेलं तूप. उरलंसुरलं सगळं घट्ट डब्यात, कारण पॉसम नावाचे रात्री फिरणारे प्राणी तंबू फाडून खाऊ नेतात. आणि मुलांच्या भाषेत 'मोठी मोहीम' म्हणजे खुरपं घेऊन पाण्यापासून शंभर मीटर लांब जायचं आणि वीतभर खड्डा खणायचा. बाबांना त्यात नवीन काहीच वाटलं नाही.

रात्री तुम्ही सांगितलेली ब्लू गम फॉरेस्टची हकिकत बाबा आता येईल त्याला सांगतात. १९३१ च्या ईस्टरला काही चालणारे ग्रोझ नदीच्या खोऱ्यात उतरले, तर तिथे एक गृहस्थ उंच उंच निळ्या निलगिरी तोडून अक्रोड लावायच्या तयारीत. त्या जमिनीचा पट्टा त्यांच्या नावावर होता. चालणाऱ्यांनी भांडण केलं नाही, कोर्टात गेले नाहीत. मंदीच्या दिवसांत, स्वतःच्या खिशाला चाट लावून, उसनवारी करून १३० पौंड जमवले आणि पट्टा सोडवून घेतला. आम्ही झोपलो होतो ते हीथकोटचं रानही अशाच लोकांच्या पाठपुराव्याने वाचलं. माइल्स डन्फी आणि त्यांच्या सोबत्यांनी खटपट केली, १९४३ मध्ये ते राखीव झालं, पुढे १९६३ मध्ये नॅशनल पार्क. बाबांनी अंधारातून विचारलं, "म्हणजे हे सगळं वर्गणीवर झालं?" तुम्ही हो म्हणालात. "मग गणपती मंडळाला जमायला हरकत नाही," म्हणाले आणि तंबूची चेन ओढली.

सकाळी लायरबर्ड, म्हणजे दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करणारा पक्षी, ओरडत होता. आधी कुकाबरा, मग चाबकासारखा फटकारा मारणारा व्हिपबर्ड, मग आणखी कोणी. बाबा कान देऊन उभे, "एकच आहे का सगळे आहेत?" मोजायची सवय जाईना. चढावर गुडघ्यांनी कुरकुर केली, तेव्हा तुम्ही त्यांची सॅक घेतली नाहीत. फक्त काठी पुढे केलीत आणि चढ संपेपर्यंत त्यांना कराड-चिपळूण रस्त्यावरचा कुंभार्ली घाट विचारत राहिलात. मी मागून ऐकत होते. त्या वेळी सॅक घेतली असतीत, तर त्यांनी ती हसून देऊन टाकली असती आणि ते पुन्हा कधी आले नसते.

हीथकोट स्टेशनवर अकरा मोजून झाले. तेव्हापासून गॅलरीतली खुर्ची बऱ्याचदा रिकामी असते. तिकिटाचं ओपल कार्ड खिशात टाकून बाबा लोकलने कुठे कुठे उतरतात, फलाटावरच्या लोकांशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलतात. ब्लू गम फॉरेस्टला कधी जायचं, हे मला विचारून झालं. तो उतार आणि मुख्य म्हणजे परतीचा चढ यंदा त्यांच्यासाठी नाही, असं तुम्हीच त्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत.

पुढच्या महिन्यात नवीन मंडळींना नेणार आहात असं कळलं. शेवटची जागा कोणाला दिली नसेल, तर बाबांचं नाव लिहून ठेवा. स्लीपिंग बॅगा उन्हात वाळवून ठेवल्या आहेत, शनिवारी आणून देते. शेगडी मात्र बाबांनी उघडून साफ केली आहे, तेव्हा पेटवायच्या आधी तुम्ही एकदा तपासून घ्या.

तुमची,
मास्तरांची लेक