शकुंतलेचा मालक कोण, ते एकदा सांगा

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडून एक रेल्वे जायची. रूळ अजून आहेत, म्हणजे दिसतात तेवढे. काही वेड्या बाभळीत गेले, काही रस्त्याच्या डांबराखाली. मागच्या महिन्यात एका फाटकाजवळ थांबलो, तर रुळांच्या मधल्या पट्ट्यात एका म्हाताऱ्याने तुराट्यांचे भारे रचून ठेवले होते. एकही काडी रुळावर आलेली नाही, इतके नीट. मी गमतीत विचारलं, "गाडी आली तर?" तो म्हणाला, "आली तं उचलू ना बाप्पा. तिले कुठी घाई असते!"

ही शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर, अंजनगाव सुर्जीवरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. रुळांमधलं अंतर अडीच फूट. सरकारदरबारी तिचं जे काही नाव असेल ते असो, वऱ्हाडात तिला शकुंतलाच म्हणतात, आणि एखाद्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलतात.

ती आमच्यासाठी बांधलीच नव्हती, हे आधी कबूल करतो. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड दिसलं. १८७० मध्ये जलंब–खामगाव हा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तोही कापसासाठीच. पुढे आतल्या मुलखातला कापूस काढायला छोट्या गाड्या आल्या. किलिक निक्सन या मुंबईतल्या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. जिनात सरकी निघायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि गाठी निघायच्या मूर्तिजापूरला. तिथे मुंबई–नागपूरची मोठी लाइन. मोठी वाघीण, म्हणजे मालडबा, आपल्या रुळावर येणार नाही, छोटी तिकडे जाणार नाही, म्हणून प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून एकीतून दुसरीत. लाइन स्वस्तात पडली ती अडीच फुटांमुळे, आणि तोच अडीच फुटांचा खर्च पुढे कित्येक वर्षं हमालाच्या पाठीने भरला. ट्रक आले तेव्हा कापूस पहिल्यांदा पळाला तो याच कारणाने. ट्रक जिनाच्या दारातून सुटतो तो थेट गिरणीच्या दारात थांबतो.

कापूस गेला, माणसं राहिली. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. मी त्या वाफेच्या गाडीतून आजीबरोबर मूर्तिजापूरला जायचो. आजी खिडकीशी बसू द्यायची नाही, डोळ्यांत कोळशाची कणी जाते म्हणून. छोट्या स्टेशनवर तिकीट द्यायला गार्डच उतरायचा. फाटक आलं की गाडी उभी. कर्मचारी खाली उतरून फाटक लावणार, गाडी पलीकडे जाणार, तो फाटक उघडून धावत येऊन परत चढणार. अंजनगावच्या विड्याच्या पानांच्या ओल्या करंड्या, त्यांच्यावर झाकलेलं गोणपाट, शेजारी माहेरपणाला निघालेली बाई, तिच्या मांडीवर मूल. मूर्तिजापूर ते अचलपूर चार तास. हळू होती, फार हळू होती; त्याचं कौतुक करणाऱ्यांतला मी नाही. पण एसटीच्या तिकिटाला ज्याच्याकडे पैसे नसत त्याला ती परवडायची, आणि तो तिच्यानेच जायचा.

आता मुद्द्याचं. देशातल्या रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा ही लाइन सुटली. रूळ, स्टेशनं कंपनीची; गाड्या चालवणार रेल्वे. आधी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, मग मध्य रेल्वे. करार दर दहा वर्षांनी पुढे सरकत राहिला. "आजही इंग्रजांना भाडं देतो" अशा बातम्या दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आसपास येतात. वाचायला बऱ्या वाटतात, पण किलिक निक्सन भारतीय हातात जाऊन कित्येक वर्षं झाली. इंग्रजाला शिव्या घालून आमची गाडी सुरू होणार नाही. खरी अडचण अशी की मालक खर्च करीना, कारण गाडी सरकार चालवतं. आणि सरकार खर्च करीना, कारण रूळ मालकाचे. स्लीपर कुजले, गाडीचा वेग आणखी उतरला, आणि "वेग नाही, उत्पन्न नाही" म्हणून एकेक करून दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या.

आपण बार्शी लाइट रेल्वेकडे बघा. तीही अडीच फुटी, तीही खाजगी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने कुर्डुवाडी–बार्शी १८९७ मध्ये सुरू केली, पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेला पोचली. भारत सरकारने १९५४ मध्ये ती विकत घेतली. म्हणून आज तिथे ब्रॉडगेज आहे, आणि लातूरचा माणूस रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरतो. तिथली माती आमच्यापेक्षा वेगळी नाही, माणसंही नाहीत. १९५४ सालची एक खरेदी वेगळी आहे.

आमच्यासाठी २०१६ मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली, सुमारे दीड हजार कोटींची. दर्यापुरात पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. यवतमाळला निदान वर्ध्याकडून नवी लाइन येते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, आनंद आहे. पण दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर यांना शकुंतलेशिवाय दुसरी रेल्वे नाही.

म्हणून मागणी ब्रॉडगेजच्याही आधीची आहे. या लाइनची मालकी आज नेमकी कुणाकडे आहे, करार संपला की चालू आहे, आणि सरकार ती विकत घेणार की नाही, हे एका पानावर लिहून जाहीर करा. घेणार असाल तर किंमत आणि तारीख सांगा, आणि काम अचलपूरच्या बाजूने काढा. घेणार नसाल तर तेही स्पष्ट लिहा. मग आम्ही एसटीच्या जादा गाड्यांसाठी भांडू, निवडणुकीत "शकुंतला आणतो" म्हणणाऱ्याला तो कागद दाखवू. आणि कृपा करून एखादा डबा रंगवून चौथऱ्यावर "वारसा" म्हणून उभा करू नका. त्याच्यापुढे सेल्फी काढायला आम्हाला मूर्तिजापूरहून रिक्षाच करावी लागेल.

उत्तर मराठीत आलं तर बरं. फाटकाजवळच्या त्या म्हाताऱ्याला वाचून दाखवायचं आहे. भारे उचलायचे की तिथेच ठेवायचे, हे त्यालाही कळलं पाहिजे.

कळावे,
आपला,
शकुंतलेचा एक जुना प्रवासी
ता. दर्यापूर, जि. अमरावती