लाल डोळ्यांची चार पिल्ले

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वि. वि. परवा फोनवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी घाईघाईत दिले आणि ते तुम्हाला पटले नाही, हे तुमच्या आवाजावरून कळले. नर आणि मादी दोघेही साध्या रंगाचे असताना त्यांच्या अंड्यांतून लाल डोळ्यांची, अंगावर काळ्या रंगाचा लवलेश नसलेली पिल्ले निघतात कशी, हा प्रश्न पाच मिनिटांत उरकण्यासारखा नव्हताच, म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे.

माझ्याकडची जोडी कॉर्न स्नेक जातीची आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आढळणारा हा साप बिनविषारी असतो. त्याच्या नारिंगी-तपकिरी पाठीवर लालसर मोठे डाग असतात, प्रत्येक डागाला काळी किनार असते आणि पोटावर सोंगटीच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन असतात. मादीने १४ अंडी घातली, त्यांतले एक खराब झाले आणि उरलेली १३ उबवणीच्या पेटीत सुमारे २८ अंश सेल्सियसला ठेवली होती. ६१ व्या दिवशी पहाटे मी झाकण उघडले, तेव्हा एका अंड्याच्या चामड्यासारख्या कवचाला बारीक चीर पडलेली होती आणि तिच्यातून एक नाक बाहेर आलेले होते. पिल्लू लगेच बाहेर येत नाही, आतला बलक पुरता शोषून घेईपर्यंत ते तसेच थांबते. मी विजेरी थोडी तिरपी धरली आणि चिरेच्या आत लाल मण्यासारखा डोळा चमकला. ते पाहून माझा श्वास क्षणभर थांबला, कारण त्या एका डोळ्याने मादीविषयीचा दोन वर्षांचा प्रश्न सुटला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत १३ पिल्ले बाहेर आली, त्यांपैकी चार लाल डोळ्यांची आणि नऊ साधी होती.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती पिल्लाकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. काळे रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार होण्यासाठी लागणाऱ्या अनेक जनुकांपैकी एकाचे नाव ओसीए-२ असे आहे. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, लाल डोळ्यांच्या कॉर्न स्नेकमध्ये या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो आणि त्यामुळे ते जनुक निकामी होते. दोनपैकी एक प्रत जरी धड असली तरी तेवढ्यावर पुरेसे मेलॅनिन तयार होते आणि साप पूर्णपणे साधा दिसतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच काळा रंग नाहीसा होतो, लाल आणि नारिंगी मात्र तसेच राहतात. अशा सापाला पाळणारे ‘ॲमेल’ म्हणतात, आणि जो एक बिघडलेली प्रत अंगात बाळगून साधा दिसतो त्याला ‘हेट’ म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात अशा जनुकाला ‘अप्रभावी’ म्हटलेले असते. तो शब्द मला थोडा फसवा वाटतो, कारण त्यातून हे जनुक दुबळे असते किंवा पिढ्यान्‌पिढ्या विरत जाते, असा समज होतो. प्रत्यक्षात रंगात रंग कालवल्यासारखे इथे काहीच होत नाही. ती प्रत दहा पिढ्या न दिसता जशीच्या तशी पुढे जाऊ शकते आणि तशीच दुसरी प्रत भेटली की डोळ्यांसमोर उभी राहते.

माझ्या नराचा बाप ॲमेल होता. ॲमेल बापाकडे देण्यासाठी धड प्रत नसतेच, म्हणून नर दिसायला साधा असला तरी तो हेट आहे याविषयी शंका नव्हती. मादीची गोष्ट वेगळी होती. तिचे आई-बाप दोघेही हेट होते, आणि ती मला देताना कागदावर ‘६६ टक्के पॉसिबल हेट’ असे लिहिलेले होते. बाबा, तुम्ही नेमके याच आकड्यावर अडलात आणि साप ६६ टक्के अमुक कसा असू शकतो, असे विचारलेत. तो तसा नसतोच. मादी एक तर हेट होती किंवा नव्हती, आणि ते ती अंड्यात असतानाच ठरून गेले होते. ६६ हा आकडा तिच्या अंगातल्या कशाचेही माप नव्हता, तिच्याविषयी आपल्याला किती ठाऊक आहे याचे ते माप होते. तो येतो असा: दोन हेटच्या पिल्लाला चार प्रकारे प्रती मिळू शकतात, दोन्ही धड, आईकडची बिघडलेली, बापाकडची बिघडलेली, किंवा दोन्ही बिघडलेल्या. मादी साधी दिसत होती, म्हणजे चौथी शक्यता आपोआप बाद झाली. उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोहोंत ती हेट ठरते. तीनात दोन म्हणजे सुमारे ६६ टक्के. हेट आणि पूर्ण साधा साप यांच्यात डोळ्यांना दिसणारा फरक नसतो. पोटावरच्या खुणांवरून हेट ओळखल्याचा दावा कोणी केला, तर मी तो मानत नाही.

तुमची दुसरी शंका अशी होती की, चारात एक असा हिशेब असेल तर १३ पिल्लांत सव्वातीन ॲमेल हवीत, मग चार कशी निघाली? हिशेब बरोबर आहे, पण तो अख्ख्या विणीला लागू होत नाही, एकेका अंड्याला लागू होतो. प्रत्येक अंड्यात दोन नाणी स्वतंत्रपणे उडवली जातात आणि शेजारच्या अंड्यात काय पडले, याचा त्यांना पत्ता नसतो. दोन हेटच्या १३ पिल्लांत एकही ॲमेल न निघण्याची शक्यता शंभरात दोन-तीनच असते, पण सहाच पिल्ले असतील तर ती शंभरात जवळजवळ १८ होते, आणि तेवढ्यावरून लोक जनावर विकणाऱ्याला लबाड ठरवून मोकळे होतात. मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत फुलांच्या रंगासाठी ९२९ झाडे मोजली होती. ७०५ जांभळ्या फुलांची निघाली आणि २२४ पांढऱ्या फुलांची. इतकी झाडे मोजूनही तीनास एक हे प्रमाण काट्यावर आले नाही, तेव्हा १३ अंड्यांकडून त्याची अपेक्षा धरता येत नाही.

याच हिशेबात एक गोष्ट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते. मादी हेट आहे हे सिद्ध व्हायला एकच लाल डोळा पुरला. उलट सगळी १३ पिल्ले साधी निघाली असती, तरी ती हेट नाही असे मी छातीठोकपणे सांगू शकले नसते. ती हेट असण्याची शक्यता शंभरात ६६ वरून चार-पाचांवर आली असती, पण शून्यावर कधीच आली नसती. मादीला ॲमेल नराशी जुळवले असते तर उत्तर लवकर मिळाले असते, कारण हेट मादीचे प्रत्येक पिल्लू तिथे निम्म्या शक्यतेने ॲमेल होते, आणि लागोपाठ सात साधी निघण्याची वेळ १२८ पैकी एकदाच येते.

मादीचा संबंध दुसऱ्या नराशी आलेला नाही ना, असे तुम्ही जरा संकोचून विचारलेत, पण तो संकोच नको, कारण प्रश्न अगदी योग्य आहे. सापाच्या माद्या शुक्राणू शरीरात बराच काळ साठवून ठेवू शकतात, त्यामुळे आधीच्या नराची पिल्लेही पुढच्या विणीत निघू शकतात आणि सगळा हिशेब बिघडतो. माझी मादी माझ्याकडे आली तेव्हा पिल्लूच होती आणि या नराखेरीज ती कोणाजवळही ठेवलेली नाही, म्हणून मी निश्चिंत आहे.

सारख्या दिसण्यावर किती विसंबावे, हेही हाच साप शिकवतो. ॲमेलमध्ये काळा रंग जातो, तसा ‘अनेरी’ नावाच्या प्रकारात लाल रंग जातो आणि साप राखाडी दिसतो. ‘चारकोल’ नावाचा आणखी एक प्रकार आहे, तोही राखाडीच. दोन राखाडी साप जुळवले की पिल्लेही राखाडी होणार, असे कोणालाही वाटेल, पण अनेरी आणि चारकोल यांची पिल्ले सरसकट साधी, लालसर निघतात. कारण बिघाड दोन वेगळ्या जनुकांत आहेत आणि प्रत्येक पिल्लाला दोन्ही जनुकांची एकेक धड प्रत मिळते. ॲमेल आणि अनेरी हे दोन्ही बिघाड एकाच सापात दुहेरी आले की जवळजवळ पांढरा साप होतो, त्याला ‘स्नो’ म्हणतात. दोन्ही जनुकांसाठी हेट असलेली जोडी असेल, तर तो सोळा अंड्यांमागे सरासरी एक निघतो. (हा सोळाचा हिशेब तुम्ही कागदावर मांडून पाहा, तुम्हाला तो आवडेल.)

पाळणाऱ्यांकडे ॲमेलचा प्रवास जिथून सुरू झाला, तिथेही हीच वाट होती. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एक ॲमेल नर पकडला गेला. बर्नार्ड बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने त्यापासून पैदास केली. पहिली पिढी साधीच निघाली. त्या साध्या पिढीत दडलेली प्रत त्यांनी धीराने पुढे नेली आणि १९६१ मध्ये त्यांच्याकडे ॲमेल पिल्ले जन्मली. पहिल्या विणीत काही दिसले नाही म्हणून ते थांबले असते तर, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

मात्र दडलेली प्रत बाहेर काढण्याचा सर्वांत जवळचा मार्ग नात्यातल्या जोड्या लावण्याचा असतो, आणि तिथे मला काळजी वाटते. रंगाचे जनुक जसे दडून येते, तसेच आजाराचेही येते. कॉर्न स्नेकमध्ये ‘स्टारगेझर’ नावाचा मज्जासंस्थेचा दोष आहे, तो ‘सनकिस्ड’ या रंगप्रकाराच्या वंशात प्रथम लक्षात आला. अशा पिल्लाचा तोल जातो, डोके वर आणि मागे वळत राहते, आणि त्याचे आई-बाप दिसायला ठणठणीत असतात. रंगाच्या हौसेपोटी भावंडांची जोडी लावणाऱ्याने हे दुखणे आधी डोळ्यांसमोर आणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी या १३ पैकी कोणाचीही आपसांत जोडी लावणार नाही. पिल्ले दुसऱ्यांना देताना नुसता टक्क्यांचा आकडा न लिहिता, आई-बाप कोण होते, विणीत किती पिल्ले निघाली आणि कोणत्या रंगाची निघाली, हे सगळे कागदावर लिहून देणार आहे. आकडा कोणालाही त्यावरून काढता येतो, पण नुसत्या आकड्यावरून आई-बाप काढता येत नाहीत.

काल पिल्लांनी पहिली कात टाकली. मी दोन काती ओल्या करून खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवल्या. साध्या पिल्लाच्या कातीत पाठीवरच्या डागांच्या कडा करड्या रंगात स्पष्ट उमटलेल्या आहेत, कारण मेलॅनिन कातीबरोबर निघून येते आणि लाल रंग मात्र खालच्या त्वचेत राहतो. ॲमेल पिल्लाची कात अगदी कोरी आहे, नुसत्या खवल्यांच्या रेघा, आणि तिच्यातून पलीकडचे झाड स्वच्छ दिसते. दोन्हींचे फोटो उद्या पाठवते. आईला आणि दादाला नमस्कार सांगावा.

तुमची लाडकी लेक