कॉम्प्युटरला टीम निवडता येईना

संपादक साहेब, नमस्कार. बेळगावातनं बेसबॉलवर पत्र म्हटल्यावर हसाल, पण लिहितोच. रात्री जेवण झालं की मी कॉम्प्युटरवर बेसबॉल मॅनेजरचा गेम खेळतो, अमेरिकेत लीगच्या सीझनला प्रत्येक टीमच्या 162 मॅच असतात, तेवढ्या सगळ्या हातानं कोण लावणार, म्हणून लाइनअप, म्हणजे कोण खेळणार आणि कितव्या नंबरला, ती कॉम्प्युटरवर सोडली आणि फसलो की हो. समोर डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, तर यानं डावखुरे बॅटरच ओळीनं उभे केले, त्यांना तसला बॉल जड जातो हे साधं गणित. बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या टप्प्यावर, पोचणारा भरवशाचा गडी आठव्या नंबरला, आणि पहिल्या नंबरला कोण तर नुसता पळणारा! पहिल्याला बॅटिंग जास्त वेळा मिळते ना. सगळ्यात राग कॅचरचा, म्हणजे आपल्या कीपरसारखा बॅटरच्या मागं बसणारा, तासन्‌तास उकिडवं बसून गुडघे जातात त्याचे, एनर्जीची पट्टी लाल झालेली तरी सलग अकरावी मॅच त्यालाच. सातव्या इनिंगला बेस्ट बॅटर काढला, बेसबॉलमध्ये काढलेला गडी परत येत नाही, नवव्या इनिंगला मी हात चोळत बसलो. आमच्या गल्लीतला टेनिस बॉलचा कॅप्टनसुद्धा दमलेल्या कीपरला बदलतो. आता लाइनअप मीच लावतोय, बायको म्हणते लाइट बंद करा.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव