ट्रक उलटला, पण नुकसान नेमकं कोणाचं?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात दर थोड्या दिवसांनी बातमी असतेच, महामार्गावर ट्रक उलटला, चालक जखमी, लाखोंचं नुकसान. चालकाचं वाचून वाईट वाटतंच. पण मी जळगावात एका डाळमिलचं डिस्पॅच बघतो, त्यामुळे माझी नजर त्या शेवटच्या दोन शब्दांवर अडकते. लाखोंचं नुकसान म्हणजे कोणाचं? गाडीवाल्याचं, मिलवाल्याचं, पुढच्या पार्टीचं, की केळी कापून दिलेल्या शेतकऱ्याचं? ते बातमीत येत नाही, आणि माल पाठवणाऱ्या बऱ्याच लोकांना स्वतःलाही गाडी उलटेपर्यंत माहिती नसतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलं तरी छापा ही विनंती.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "गाडीचा विमा आहे ना, मग काय". गाडीचा थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी असतो, त्याच गाडीत भरलेला तुमचा माल त्यात येत नाही. मालाचा विमा वेगळा, तो मालवाल्यानेच काढायचा असतो. त्या पॉलिसीवर मरीन असं लिहिलेलं असतं, रोडने माल गेला तरी, आणि ते वाचून लोक म्हणतात आपल्याकडे कुठे समुद्र आहे, आणि तो कागद बाजूला ठेवून देतात.

दुसरा कागद बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला माल बुक केल्यावर देतो ती पावती. गाडी भरली, ताडपत्री बांधली, ॲडव्हान्स दिला की बिल्टी खिशात घालून माणूस मोकळा होतो, मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते कोणी बघत नाही. बऱ्याच बिल्ट्यांवर "मालधनी जोखीम", म्हणजे नुकसान झालं तर ते मालवाल्याचं, असं छापलेलं असतं. एवढं छापलं म्हणून ट्रान्सपोर्टवाला निष्काळजीपणातून सुटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच जुन्या १८६५ च्या कायद्याखाली सांगितलंय. पण रस्त्याने मालवाहतुकीचा आताचा जो कायदा आहे, २००७ चा, जो १ मार्च २०११ पासून लागू झाला, त्यात एक मर्यादा आहे ती सगळ्यांनी पाठ करून ठेवावी. तुम्ही जास्त जोखमीचा दर कबूल करून जास्त भाडं भरलं नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याची भरपाई भाड्याच्या दहापटीवर थांबते, आणि ती फॉरवर्डिंग नोटमध्ये, म्हणजे माल देताना आपण ट्रान्सपोर्टवाल्याला लिहून देतो त्या कागदात, लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही. आता हिशोब करा. समजा २० टन तूरडाळ हैदराबादला चालली, किलोला १०० रुपये धरले तर माल २० लाखांचा. भाडं समजा ४० हजार. दहापट म्हणजे ४ लाख. बाकीचे १६ लाख कोणाच्या डोक्यावर? आणि भाडं कमी करून घेतलं म्हणून आपण खुश असतो तेव्हा ही दहापटही कमी होत असते, हे कोणी सांगत नाही.

बरं, विमा काढला तरी कोणता काढला ते बघायला लागतं. एजंट स्वस्तातला देतो. बी क्लॉजची पॉलिसी असेल तर आग, वीज, टक्कर, गाडी उलटणं, पूल तुटणं असं मोजकंच येतं. पावसात ताडपत्री फाटून डाळीची पोती भिजली, धाब्यावर रात्री चार पोती उतरवली, हे त्यात नाही. त्यासाठी ए क्लॉज लागतो. डाळीला खरा धोका पाण्याचा आणि चोरीचा, उलटण्याचा त्यानंतर, तरी आपल्याकडे लोक हप्त्याचा आकडा बघून बी घेतात आणि जुलैमध्ये डोक्याला हात लावून बसतात. ए घेतला तरी खराब पॅकिंग, मालाचा मूळचा दोष आणि उशीर यांचं काही मिळत नाही.

हा उशीर शब्द केळीवाल्यांनी नीट लक्षात घ्यावा, माझी तळमळ खरी इथे आहे. रावेर, सावदा, यावल भागातून उत्तरेला गाड्या जातात, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकलेला असतो, गाडी रस्त्यात बंद पडली किंवा जाममध्ये दीड दिवस उभी राहिली की माल पिकून काळा पडतो. अपघात नाही, चोरी नाही, नुसता उशीर. अशा वेळी विमा कंपनी हात वर करते आणि पॉलिसीप्रमाणे ती बरोबरच असते. शेतकरी म्हणतो माझा केळीचा पीकविमा आहे. भाऊ, तो हवामानावर आधारित विमा बागेतल्या पिकाचा आहे, ट्रकमधल्या मालाचा नाही. मग पुढच्या मंडीतून फोन येतो, गाडी खराब निघाली, आणि बऱ्याच वेळा व्यापारी ते शेतकऱ्याच्या पेमेंटमधून कापतो. काट्यावर वजन झालं, माल व्यापाऱ्याच्या गाडीत चढला, गाडी त्याने ठरवली, मजूर त्याचे, रस्ता त्याने निवडला, मग रस्त्यातली जोखीम शेतकऱ्याची कशी? काट्याच्या पावतीवरच भाव लिहून घ्या आणि "वजनानंतर माल व्यापाऱ्याचा" एवढी एक ओळ सहीसकट घ्या. व्यापारी कुरकुर करेल, पण चार गावांनी मिळून लावून धरलं तर ऐकावं लागेल. उशिराला विम्यात औषध नाही, औषध फक्त गाडीच्या कंडिशनमध्ये आणि निघण्याच्या वेळेत आहे. रेल्वेने माल जात असेल तर तिथेही मालधनी जोखमीचा आणि रेल्वे जोखमीचा असे दोन दर असतात, पावतीवर कोणता लागलाय ते बघा आणि क्लेमची नोटीस सहा महिन्यांत द्या.

रस्त्याचं म्हणाल तर ड्रायव्हरला कोणता रस्ता घ्यायचा ते आधीच सांगून ठेवा. कन्नड घाटात हायकोर्टाच्या आदेशाने २०२३ मध्ये जड वाहनं बंद झाली, फेरा पडतो, किलोमीटर वाढतात. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, त्यात कमी अंतर टाकलं आणि गाडी रखडली तर मुदत संपते आणि मग दंड आणि गाडी अडकवणं वेगळंच. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, हे ज्याच्या मोबाईलवरून बिल बनतं त्याला माहिती पाहिजे, रात्री दोनला मुनीम झोपलेला असतो. मध्यप्रदेशकडून येणाऱ्या गाडीला पळासनेरजवळ बिजासन घाटाचा उतार लागतो, तिथे ओव्हरलोड आणि गरम झालेले ब्रेक एकत्र आले की काय होतं ते धुळे जिल्ह्याने बघितलंय. दोन टन जास्त भरून भाडं वाचवणाऱ्याने हेही बघावं की ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर वजनाची पावती मागतोच.

अजून एक प्रकार वाढलाय, नकली नंबर प्लेटची गाडी. ओळखीच्या दलालाने फोनवर गाडी दिली, माल भरला, गाडी पोचलीच नाही. गाडी लागली की एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक, फिटनेस, विमा बघा, चेसिस नंबर जुळवा, ड्रायव्हरचं लायसन्स आणि त्याचा गाडीसोबतचा फोटो घ्या. पाच-दहा मिनिटं लागतात. दलालालाही कॉमन कॅरिअर, म्हणजे भाड्याने लोकांचा माल नेणारा, म्हणून रजिस्ट्रेशन लागतं, बिल्टीवर तो नंबर नसेल तर विचारा. "काही होत नाही भो" म्हणणाऱ्याकडून तर आवर्जून मागा.

आणि खरंच काही झालं तर घाईत रिकाम्या ठिकाणी सही करू नका. पुढच्या पार्टीला सांगून ठेवा की पोच देताना बिल्टीवरच लिहायचं, इतकी पोती भिजली, इतकी कमी. "माल बरोबर मिळाला" अशी सही गेली की विमा कंपनी ट्रान्सपोर्टवाल्याकडून वसूल करू शकत नाही आणि मग तुमचाही क्लेम अडकतो. त्याच दिवशी कंपनीला कळवा, पंचनामा मागा, हलवायच्या आधी फोटो काढा, पण वाचलेला माल विमा आहे म्हणून रस्त्यावर सोडू नका, दुसऱ्या गाडीत भरून हलवा, त्याचा वाजवी खर्च क्लेममध्ये मागता येतो. लोक पोती उचलून नेतात हे आपण बघतोच.

आपल्याला दोन विनंत्या. एक, अशी बातमी देताना वार्ताहराने एक ओळ जास्त विचारावी की मालाचा विमा होता का आणि नुकसान कोणी सोसलं. दुसरी, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजार समित्या आणि व्यापारी संघटनांनी छोट्या मिलवाल्यांसाठी, मिरची-कापूसवाल्यांसाठी एकत्र ओपन पॉलिसी, म्हणजे अनेक गाड्यांच्या मालाला मिळून एकच पॉलिसी, घेता येते का ते बघावं. एकट्याने गाडीगणिक पॉलिसी काढायचा कंटाळा येतो म्हणूनच माल उघडा जातो.

ट्रान्सपोर्टवाल्यावर दावा लावायचा असेल तर त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, १८० दिवसांच्या आत, आणि ते दिवस अपघातापासून नाही, माल बुक केल्याच्या तारखेपासून मोजतात. तोंडी बोलण्यात आणि "सेठ बघतो" मध्ये ही मुदत निघून जाते, म्हणून नोटीस पहिल्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने टाका आणि पावती बिल्टीला लावून ठेवा.

आपला,
एक डिस्पॅचवाला वाचक, जळगाव