मुलांना हा चौथा भाग सावकाश पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या अ‍ॅनिमेवेडावर, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांच्या वेडावर, आलेला लेख वाचला. तलवारी, राक्षस आणि न संपणाऱ्या लढाया यांबद्दलची पालकांची काळजी त्यात नीट मांडली आहे. पण अ‍ॅनिमे म्हणजे एवढेच, असे वाटून कुणी घरातला टीव्हीच बंद केला तर मुलांचे नुकसान होईल. रोजच्या जगण्यावरच्या शांत मालिकांची जपानमध्ये मोठी परंपरा आहे. त्यातली लहानपणीच्या मैत्रीवरची ‘नोन नोन बियोरी’, विशेषतः तिच्या पहिल्या मालिकेचा चौथा भाग, पालकांनी मुलांसोबत बसून पाहावी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

अत्तो या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकथाकाराची ही मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००९ ते २०२१ या काळात मासिकातून क्रमशः येत होती. सिल्व्हर लिंक या स्टुडिओने तिच्यावर २०१३, २०१५ आणि २०२१ मध्ये प्रत्येकी बारा भागांच्या तीन मालिका केल्या. मध्ये २०१८ साली ओकिनावाच्या सहलीवर चित्रपटही आला. दिग्दर्शन शिन्या कावात्सुरा यांचे आणि पटकथेची बांधणी रेइको योशिदा यांची.

गोष्ट एका आडबाजूच्या खेड्यातली. भातखाचरे, डोंगर, क्वचित येणारी बस आणि जुनी लाकडी शाळा. शाळेचा पट पाच. रेंगे पहिलीत, टोकियोहून नुकती आलेली होतारू पाचवीत, नात्सुमी आपल्या हिशेबाने सातवीत, तिची बहीण कोमारी आठवीत आणि त्यांचा भाऊ सुगुरू नववीत. पाचही जण एकाच खोलीत बसतात. शिकवायला रेंगेचीच थोरली बहीण काझुहो, आणि ती बऱ्याचदा टेबलावर डोके टेकून झोपलेली. पाचवीतली होतारू अंगाने कॉलेजकन्या वाटावी अशी, तर आठवीतली कोमारी एवढीशी. मालिकेतला बराचसा विनोद यातूनच निघतो.

रेंगेच्या वयाचे दुसरे कुणीच शाळेत नाही. मोठ्या मुली तिच्यावर जीव लावतात, पण बरोबरीची अशी एकही नाही. ही गोष्ट पहिल्या तीन भागांत कुणी बोलून दाखवत नाही, ती पाहतापाहता मनात जाते. म्हणून थेट चौथा भाग लावू नये. त्यात उन्हाळ्याची सुटी लागते आणि आजीकडे राहायला आलेली होनोका रेंगेला भेटते. तीही पहिलीतलीच. होनोकाकडे कॅमेरा आहे, रेंगेला गावातली प्रत्येक जागा ठाऊक आहे, आणि दोघी दिवसदिवस हिंडतात. एका सकाळी रेंगे नेहमीसारखी बोलवायला जाते, तर दारात आजी सांगते की वडिलांच्या कामामुळे त्यांना अचानक परत जावे लागले.

यानंतर पडद्यावर फक्त रेंगेचा चेहरा राहतो. संगीत नाही, संवाद नाही, बाहेर सिकाडा किड्यांची किरकिर तेवढी चालू. मुलीला ऐकलेले कळायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ दिग्दर्शक देतो. डोळे किंचित हलतात आणि मग हळूहळू भरून येतात. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम) असल्या, तरी दूरचित्रवाणीसाठी एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवतात. स्थिर चित्राला कष्ट कमी लागतात, म्हणून कामचुकारपणासाठीही त्याचा उपयोग होतो. इथे मात्र सगळा भार त्या स्थिरतेवरच आहे. एक पापणी चुकीच्या क्षणी लवली असती तर प्रसंग खोटा पडला असता. लहान मूल पहिल्यांदा विरह कसा झेलते, याचे इतके खरे चित्रण मोठ्यांच्या चित्रपटांतही क्वचित सापडते. पुढे होनोकाचे पत्र येते, सोबत दोघींचा फोटो. त्या वेळची रेंगेची धावपळ लिहून सांगण्यापेक्षा पाहावी हेच बरे.

हा प्रसंग हमखास वाया जातो तो दीडपट वेगाने पाहिल्यामुळे. ‘काहीच घडत नाही’ म्हणून मुले वेग वाढवतात, आणि थांबण्यावरच उभ्या असलेल्या प्रसंगाचा जीव जातो. दुसरा घोळ आपोआप पुढचा भाग सुरू होण्याचा. पत्राचा आनंद मनात उतरायच्या आत नवी गोष्ट सुरू झालेली असते. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी आणि शेवटचे गाणे पूर्ण वाजू द्यावे. ते चौघी मुलींना आवाज देणाऱ्या अभिनेत्रींनीच गायले आहे. भाग जेमतेम चोवीस मिनिटांचा असतो, एका संध्याकाळी एक पुरे. मूळ जपानी आवाज ठेवून इंग्रजी उपशीर्षके मोठ्यांनी मराठीत सांगत गेले तर सहा-सात वर्षांच्या मुलांनाही गोष्ट कळते, कारण बोलणे साधे असते आणि मधल्या जागा भरपूर. फक्त त्या चेहऱ्याच्या प्रसंगात सांगणाऱ्याने गप्प राहावे. ‘बघ, तिला रडू येतंय’ एवढे म्हटले तरी मुलाने स्वतः ओळखण्याची संधी गेली.

क्रमाबद्दलही सांगायला हवे. दुसरी मालिका पहिलीच्या पुढची नाही. ती पुन्हा एप्रिलमध्ये, रेंगेच्या शाळाप्रवेशापाशी जाते आणि त्याच वर्षातल्या राहून गेलेल्या दिवसांच्या गोष्टी सांगते. हे माहीत नसले की ‘रेंगे परत पहिलीत कशी?’ हा प्रश्न येतोच. वर्ष खऱ्या अर्थाने पुढे सरकते ते तिसऱ्या मालिकेच्या अखेरीस, चेरी पुन्हा फुलते तेव्हा. जपानचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि उन्हाळ्याची सुटी जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत असते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सवयीने पाहणाऱ्या मुलांना हे आधी सांगून ठेवावे.

वीसहून कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, हा वाद आपल्या राज्यात चालू असल्याने काही वाचक या मालिकेकडे त्या नजरेनेही पाहतील. एका खोलीत पाच इयत्ता कशा शिकवाव्यात, याचे उत्तर इथे मिळणार नाही. काझुहोबाईंचे झोपणे हा विनोद आहे, अध्यापनाचा नमुना नव्हे. आपल्या वाड्यावस्त्यांवरचे शिक्षक बहुवर्ग अध्यापनासाठी किती राबतात, ते वेगळेच. पण पट लहान असला की सातवीची मुलगी पहिलीच्या मुलीची खेळगडी होते आणि वाटेने तिला सोबतही करते, हे मालिकेने अचूक टिपले आहे. पन्नास-साठ समवयस्कांच्या तुकडीत बसणाऱ्या शहरी मुलांना ही मैत्री माहीतच नसते, आणि मला वाटते त्यांच्यासाठीच ती पाहणे जास्त गरजेचे आहे.

आपल्या पुरवणीत मुलांसाठी काय पाहावे याच्या शिफारशी येतात. तिथे नुसते मालिकेचे नाव न देता कुठला भाग, किती मिनिटांचा, आधी काय पाहिलेले असावे आणि उपशीर्षके कोणत्या वयापर्यंत वाचून दाखवावी लागतील, एवढे चार तपशील छापावेत ही विनंती. संध्याकाळी सात वाजता रिमोट हातात घेतलेल्या पालकाला तेवढेच हवे असते.

आपला,
एक वाचक, सातारा